अटारीचा सोहळा: निघायचं कधी, बसायचं कुठे?

प्रश्न: मे महिन्यात अमृतसरला जाणार आहोत. सोबत सत्तरीची आई आणि दोन मुलं. अटारीला नीट दिसेल अशी जागा मिळण्यासाठी किती वाजता निघावं?

उत्तर: भारत-पाकिस्तान सीमेवर रोज संध्याकाळी ध्वज उतरवण्याचा हा सोहळा सूर्यास्ताच्या बेताने असतो, त्यामुळे वेळ ऋतूप्रमाणे सरकते: हिवाळ्यात साडेचारच्या आसपास, मेमध्ये सहाच्या सुमारास. त्या आठवड्याची वेळ हॉटेलात विचारून घ्या आणि तीन तास आधी निघा. अंतर तीसेक किलोमीटरच आहे. वेळ खातात त्या तपासणीच्या रांगा. वाहनतळापासून पुढे सुमारे एक किलोमीटर पायपीट आहे, आईंच्या दृष्टीने हे आधीच धरून चाला.

बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) संकेतस्थळावर नोंदणी मोफत होते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. ‘व्हीआयपी पास देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बॅग, पॉवर बँक, लायटर आत नेऊ देत नाहीत. बहुतेकांची फजिती इथेच होते: बॅग ठेवायला माघारी जायचं, तोवर पुढच्या जागा गेलेल्या. फोन आणि पाकीट खिशात, बाकी सगळं हॉटेलात. बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या असतात आणि सीमेजवळ मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून तपासणीनंतर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

गॅलरीत पाठ टेकायला काही नाही. सीमेवरचं गेट पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर. टोपी हवीच. फोटोही उन्हाविरुद्धच येतात. जवान पाय डोक्यापर्यंत उडवू लागले की पुढचे प्रेक्षक उभे राहतात आणि बसलेल्याला फक्त पाठी दिसतात, म्हणून आईंना शक्यतो पहिल्या रांगांत बसवा.

प्रश्न: गेट उघडून दोन्हीकडचे जवान हात मिळवतात, ते अजून पाहायला मिळतं का?

उत्तर: नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ पासून गेट बंद ठेवून, हस्तांदोलनाशिवाय सोहळा करण्याचं ठरलं. त्याच वर्षी मे महिन्यात तो काही दिवस प्रेक्षकांसाठी बंदही होता. मात्र खरा गाभा ध्वज उतरवण्यातच आहे, तिकडे नीट लक्ष द्या. दोन्ही ध्वज तिरक्या दोरांवरून एकाच गतीने खाली येतात, कुणाचाही आधी नाही आणि नंतरही नाही. दोर ओढणाऱ्या जवानांचे हात बघा, सारखे समोरच्या देशाच्या ध्वजाच्या अंदाजाने चालतात. नाच-घोषणांच्या गलबल्यात नेमकं हेच निसटतं.

प्रश्न: गर्दी टाळून असा सोहळा कुठे पाहता येईल?

उत्तर: फिरोजपूरजवळ हुसैनीवाला इथे. अमृतसरहून गाडीने अडीच-तीन तास. मैदान लहान, त्यामुळे जवान अगदी जवळून दिसतात. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांच्यावर १९३१ मध्ये इथेच सतलजच्या काठी अंत्यसंस्कार झाले. ही जागा १९६१ साली पाकिस्तानशी झालेल्या देवाणघेवाणीत भारताकडे आली. आधी स्मारक पाहा, मग सोहळ्याला जा. उलट केलंत तर अंधार होतो.