सराव पुरेसा झालेला नाही, तरी फन रनमध्ये पळावं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: ५ किलोमीटरची फन रन नऊ दिवसांवर आलीय, दोन महिन्यांपूर्वी उत्साहाने नाव नोंदवलं होतं, आणि ठरवलेल्या सरावापैकी प्रत्यक्षात चारच वेळा पळणं झालं. आता नाव मागे घ्यावं की जावं, आणि गेलात तर न थांबता पूर्ण होईल का, असं तुम्ही विचारलंय.

जा. तब्येत ठीक असेल तर नक्की जा. फक्त ‘न थांबता’ हा हट्ट सोडून जा.

मी एकाच फन रनमध्ये लागोपाठ दोन वर्षं पळालो आणि दोन्ही वेळा माझा सराव तुमच्याइतकाच होता. पहिल्या वर्षी सगळ्यांबरोबर सुटलो. घड्याळात नोंदवलेले एकेका किलोमीटरचे आकडे माझ्याकडे अजून आहेत: ५ मिनिटं ५० सेकंद, ७:२०, ९:४०, ११:२० आणि शेवटचा १०:००. एकूण ४४ मिनिटं १० सेकंद. हे आकडे एका ओळीत वाचले की काय झालं ते लगेच कळतं. दुसरा किलोमीटर संपता संपता उजव्या बरगडीखाली कळ आली, तिसऱ्यात ती वाढली, आणि चौथ्यात मी रस्त्याच्या कडेला खाली बसलो.

तिथला स्वयंसेवक धावत आला. त्याने आधी मला काही विचारलं नाही. छातीवर टाचलेला बिब, म्हणजे स्पर्धकाचा नंबर छापलेला कागद, खालच्या कोपऱ्यातून धरून उलटा केला आणि मागची बाजू पाहिली. तिथे रक्तगट, घरच्यांचा फोन नंबर, चालू असलेली औषधं, ॲलर्जी यांसाठी रकाने छापलेले होते. माझे सगळे कोरे होते. मी बोलण्याच्या स्थितीत होतो म्हणून ठीक; नसतो तर त्या माणसाला माझ्याबद्दल काहीही कळलं नसतं. तेव्हापासून बिब हातात आला की टाचण्या लावायच्या आधी मी पेन शोधतो. तुम्हीही तेच करा. बिबवर असे रकाने नसतील तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा.

दुसऱ्या वर्षी सराव तेवढाच होता, पण पद्धत बदलली. पहिल्या मिनिटापासून हिशोब ठरवून घेतला: २ मिनिटं पळायचं, १ मिनिट चालायचं. अंगात जोर आहे असं वाटत असतानाही चालायचं. चार किलोमीटर असे काढले, शेवटचा सलग पळालो. वेळ लागला ४३ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे पहिल्या वर्षीपेक्षा अर्धं मिनिट कमीच. पण पहिल्या वर्षी घरी येऊन दिवसभर पडून होतो, आणि दुसऱ्या वर्षी दुपारी घरातली सगळी कामं केली.

यात जादू काही नाही, साधं गणित आहे. समजा तुमचं सावकाश पळणं किलोमीटरला ८ मिनिटं या वेगाचं आहे आणि भरभर चालणं किलोमीटरला १२ मिनिटांचं. दोन मिनिटांत तुम्ही २५० मीटर पळता, एका मिनिटात सुमारे ८३ मीटर चालता. तीन मिनिटांत झाले ३३३ मीटर, म्हणजे ९ मिनिटांत एक किलोमीटर. पाच किलोमीटरला ४५ मिनिटं. सगळं अंतर सलग पळून ४० मिनिटं लागली असती. एक तृतीयांश वेळ चालूनही फरक फक्त पाच मिनिटांचा! आणि त्या पाच मिनिटांच्या बदल्यात दर तिसऱ्या मिनिटाला श्वास जागेवर येतो, पोटऱ्या-मांड्यांना उसंत मिळते. सराव कमी असलेल्यासाठी याहून चांगला सौदा मला तरी माहीत नाही.

ही पद्धत माझी नाही. जेफ गॅलोवे हे अमेरिकेचे धावपटू १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावले होते. त्यांनी नवख्यांना शिकवताना पळणं आणि चालणं असं आलटून पालटून करण्याची ही रीत रुजवली. पुढे लोक तिच्यावर आख्ख्या मॅरेथॉन पूर्ण करू लागले. म्हणून चालण्याच्या मिनिटाला ‘आपण हरलो’ असं मनात आणू नका. यातली खरी मेख एकच आहे: दमल्यावर चालायला लागायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. धाप लागल्यावर चालायला घेतलंत तर एका मिनिटात काहीच भरून निघत नाही.

आता सुरुवातीबद्दल, कारण कमी सराव असलेल्यांचं बहुतेक सगळं नुकसान पहिल्या दहा मिनिटांत होतं. सुटताना गर्दी असते, गाणी लावलेली असतात, आजूबाजूचे सगळे पळत असतात, आणि गंमत म्हणजे तेव्हा तो वेग खरोखर सोपा वाटतो. त्याला कारण आहे. पळायला लागल्यावर शरीराचा प्राणवायूचा वापर गरजेच्या पातळीला पोहोचायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू आपल्याजवळच्या साठ्यावर काम उरकतात, आणि धाप मागाहून येते. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत जे ‘जमतंय’ असं वाटतं, ती शरीराने दिलेली खरी बातमी नसतेच. म्हणून सुटताना मागच्या बाजूला उभे राहा. पुढे उभं राहिलं की लोंढ्याबरोबर ओढले जाता, आणि मध्येच चालायला लागलात तर मागच्यांच्या पायात येता. चालायच्या वेळी रस्त्याच्या कडेला या आणि हात वर करून मागच्यांना कळू द्या.

वेग बरोबर आहे का ते घड्याळापेक्षा बोलण्यावरून ओळखा. पळता पळता स्वतःचं पूर्ण नाव आणि फोन नंबर मोठ्याने म्हणून बघा. सहज म्हणता आलं तर वेग ठीक. नंबर अर्ध्यात तुटला तर तुम्ही जास्त वेगात आहात, मग घड्याळ काहीही म्हणो. दिवस उकाड्याचा असेल तर २ मिनिटांऐवजी १ मिनिट पळा आणि १ मिनिट चाला. उष्म्यात घाम काढून अंग थंड ठेवण्यातच हृदयाची बरीच ताकद जाते.

बरगडीखाली कळ आलीच तर घाबरू नका, तिच्याने इजा होत नाही. चालायला लागा, दुखतं तिथे बोटांनी दाबून धरा, किंचित पुढे वाका आणि ओठ आवळून श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा. बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत उतरते. पळण्याआधीच्या दोन तासांत भरपेट खाल्लं किंवा ढसाढसा पाणी प्यायलं की ही कळ येण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या सकाळी खाणं थोडं, ओळखीचं आणि वेळेआधी.

उरलेल्या नऊ दिवसांचं काय? इथे लोक सगळ्यात मोठी चूक करतात: राहून गेलेला सराव आठवड्यात भरून काढायला जातात. दम वाढायला काही आठवडे लागतात. आणि स्नायुबंध, नडगीचं हाड यांना त्याहून जास्त वेळ लागतो. पळताना पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून अंगावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, आणि तो सोसायची सवय चार दिवसांत होत नाही. उलट शेवटच्या तीन दिवसांत जोर काढला तर स्पर्धेच्या दिवशी दुखरे पाय घेऊन उभं राहावं लागेल. (तुम्ही सायकल चालवत असाल किंवा पोहत असाल तर जास्त जपा. तुमचा दम टिकेल आणि म्हणूनच पाय दमल्याचं उशिरा कळेल.)

एक गोष्ट मात्र या नऊ दिवसांत खरोखर कमावता येते. सवय नसलेलं काम केल्यावर स्नायू एकदा दुखले की तेच काम काही दिवसांनी पुन्हा केल्यावर बरेच कमी दुखतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून उद्याच २५ मिनिटं ‘१ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं’ करा, त्यात एखादा हलका उतार असू द्या. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावल्यासारखं काम करतात आणि खरी दुखण्याची पाळी त्यामुळेच येते. दोन दिवस मध्ये सोडून पुन्हा २५ मिनिटं, या वेळी २-१ च्या हिशोबाने. मग एक दिवस सोडून १५ मिनिटं अगदी आरामात. शेवटचे दोन दिवस नुसतं चालणं आणि झोप. बूट जे वापरात आहेत तेच. मोजेसुद्धा नवे घालू नका.

सुटण्याआधी जमिनीवर बसून पाय ताणत राहण्यापेक्षा दहा मिनिटं चाला आणि शेवटी थोडं जॉगिंग करा. आधी स्नायू ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं कमी होत नाही हे तपासून झालेलं आहे. ‘दुखू नये म्हणून’ आधीच वेदनाशामक गोळी घेणारे मी दरवेळी पाहतो. कृपा करून ते करू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, आणि घाम गाळत पळताना तो ताण नको. शिवाय थांबायला सांगणारं दुखणंच दबून जातं. पाण्याचं म्हणाल तर तासाभराच्या पळण्यात तहान लागेल तेवढंच प्या, बळेच पिऊ नका.

आता ज्यांच्यासाठी माझं उत्तर ‘जाऊ नका’ असं आहे ते सांगतो. ताप असेल किंवा नुकताच येऊन गेला असेल, तर नाही. विषाणूच्या तापात जोराचा व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, कधी व्यायाम करताना चक्कर येऊन पडला असाल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, किंवा हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांवर उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. हे घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनचा २००० ते २०१० या काळातला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १ कोटी ९ लाख धावणाऱ्यांमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे धोका फारच थोडा, पण शून्य नाही. त्या दिवशी छातीत दुखलं, दम नेहमीसारखा बसेना, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा घाम थांबून अंगावर काटा आला, तर तिथेच थांबा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. उरलेलं अंतर किती आहे ते बघू नका. सांध्यात किंवा नडगीवर एकाच जागी बोट ठेवता येईल असं टोचरं दुखणं पाऊलागणिक वाढत असेल तरी थांबा. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील तर चालत राहायला हरकत नाही.

‘सगळ्यात शेवटी आलो तर?’ हेही तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं नाव मागे घ्यावंसं वाटण्याचं खरं कारण तेच आहे. जगभर दर शनिवारी होणारी ५ किलोमीटरची ‘पार्करन’ २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये फक्त १३ धावणाऱ्यांनी सुरू झाली. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे भाग घेणारा कुणीच शेवटचा येत नाही. तुमच्या आयोजकांना दोन गोष्टी विचारून ठेवा: मागे असा कुणी असतो का, आणि रस्ता किती वाजेपर्यंत बंद ठेवतात. ५ किलोमीटर नुसते भरभर चाललात तरी तासाभरात होतात. दीड तासाची मुभा असेल तर काळजीचं काहीच कारण नाही.

शेवटची रेषा ओलांडली की लगेच बसू नका. पायांत उतरलेलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्यांचं हलणं करत असतं. एकदम थांबलात की चक्कर येऊ शकते. पाच-दहा मिनिटं चालत राहा, ओला शर्ट बदला.

खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतं आणि जिना चढताना नव्हे, उतरताना जाणवतं. कठडा धरून उतरा, रोज थोडं चाला. चार-पाच दिवसांनी जिना सहज उतरता आला की २० मिनिटांचं एक सावकाश पळणं करून बघा: ६० सेकंद जॉगिंग, ९० सेकंद चालणं. नवख्यांना ५ किलोमीटर पळायला शिकवणाऱ्या ‘काउच टू फाइव्ह के’ या नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाचा पहिला दिवस अगदी असाच असतो, आणि तोवर तुमच्या पायांना ५ किलोमीटरची ओळख झालेली असेल.