स्पेक्ट्रम तापतो, त्याचा हिशेब

प्रश्न : काकांनी इंग्लंडहून आणलेला ४८ केचा (४८ किलोबाइट मेमरीचा) झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक अजून चालतो, पण अर्ध्या तासात पेटी चांगलीच गरम होते. अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असताना, काहीही न जोडता मोजल्यास मल्टिमीटर १३ व्होल्ट दाखवतो. अडॅप्टर बिघडला आहे का? दुकानदार १२ व्होल्टचा अडॅप्टर देतो म्हणतात, तो चालेल का? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला अडॅप्टर बिघडलेला नसावा. त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढेच असते, व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर नसतो, त्यामुळे १.४ अँपिअरच्या पूर्ण भारावर ९ व्होल्ट देणारा हा अडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो, आणि घरातला वीजदाब वाढला की तेही वाढतात.

१९८२ सालच्या या यंत्रात ५ व्होल्ट करण्याचे काम ७८०५ हा रेग्युलेटर करतो आणि वरचे सगळे व्होल्ट उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. समजा, भारावर ११ व्होल्ट आत येत आहेत आणि ०.८ अँपिअर प्रवाह वाहतो आहे. तर ६ गुणिले ०.८ म्हणजे ४.८ वॅट उष्णता रेग्युलेटरच्या छोट्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, जमा होते. स्थिर ९ व्होल्ट दिले तर हाच आकडा ३.२ वॅटवर येतो, १२ दिले तर ५.६ वर जातो. म्हणून १२ व्होल्टचा अडॅप्टर कृपया घेऊ नये. त्यातच हीटसिंकचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते, आणि ठाण्यातली मे महिन्याची दुपार म्हणजे इंग्लंडमधली खोली नव्हे. ही उष्णता आतल्या चाळीस वर्षांच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना लवकर वाळवते.

रेग्युलेटेड ९ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा. मात्र स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण असतो आणि बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. तेव्हा मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय पिन लावूच नये. (कमोडोर ६४ हा त्याच काळातला दुसरा संगणक वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना : तिथे ५ व्होल्टचा रेग्युलेटर बाहेरच्या अडॅप्टरमध्येच असतो, आणि तो बिघडल्यास वाढलेला दाब थेट मेमरीवर जातो.) ७८०५ काढून त्याच्या जागी तीन पायांचे स्विचिंग मॉड्यूल बसवल्यास उष्णता जवळजवळ संपते, पण मूळ बोर्डावर सोल्डरिंग करण्यापूर्वी जुनी थर्मल पेस्ट (रेग्युलेटरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारा लेप) बदलून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

पेटी उघडलीच, तर आणखी एक तपासणी अवश्य करावी. यातल्या पहिल्या १६ केच्या मेमरीला, म्हणजे ४११६ या आठ चिपांना, ५ व्होल्टखेरीज १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, आणि ते बोर्डावरच तयार होतात. उणे ५ व्होल्ट मिळत नसतील तर यंत्र ताबडतोब बंद करावे, कारण बाकीचे दोन्ही दाब चालू असताना तो नसेल, तर या चिपा तापून कायमच्या निकामी होतात.