लॉकडाऊन उठवताना दोन टप्प्यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर का ठेवतात? रुग्ण कमी झाले की सगळं एकदम का उघडत नाहीत?

कारण आज दिसणारा आकडा आजचा नसतो. २०२० मधल्या कोविडमध्ये संसर्गानंतर लक्षणं दिसायला सरासरी ५-६ दिवस लागायचे, कधी १४ही. त्यानंतर चाचणी, अहवाल, नोंद. रुग्णालयातली भरती त्याहून उशिरा वाढते, मृत्यू आणखी उशिरा. म्हणजे सोमवारी दुकानं उघडली तर त्याचा परिणाम दोन आठवड्यांनी नीट कळतो. त्याआधीच शाळा, बस, कार्यालयं सुरू केली, तर रुग्ण नेमके कशामुळे वाढले हे सांगताच येत नाही, आणि मग पुन्हा सगळंच बंद करावं लागतं.

दुसरी अडचण गणिताची. एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो, तो आकडा म्हणजे आर. एका रुग्णाकडून पुढच्यांना संसर्ग होण्याच्या एका फेरीला ५ दिवस धरले, तर आर १.१ असताना रुग्ण दुप्पट व्हायला साधारण ३६ दिवस लागतात, १.३ झाला की जेमतेम १३. फरक किरकोळ दिसतो, पण खाटा त्यातच संपतात.

नुसती रुग्णसंख्या पाहू नका. चाचण्या कमी केल्या की तीही कमी होते! जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवलेला निकष बरा: पुरेशा चाचण्या होत असताना त्यांत बाधित निघणाऱ्यांचं प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांखाली हवं. सोबत रिकाम्या अतिदक्षता खाटाही मोजाव्यात.

रोजगार बुडतो हा आक्षेप खराच आहे. म्हणून मोकळ्या हवेतली कामं आधी, बंदिस्त गर्दीच्या जागा शेवटी.