स्पेशियल इकॉनॉमेट्रिक्सची सुरुवात कुठून करावी?

पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करताय आणि या विषयात, म्हणजे जागा आणि शेजार यांचा आकड्यांवरचा परिणाम मोजणाऱ्या अर्थमितीत, आधी काय धरावं, असं तुम्ही विचारलंय. उद्योग एकाच भागात का गोळा होतात, यासाठी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांचा १९९१ चा लेख वाचा. पण खरा वेळ द्या तो वेट मॅट्रिक्सला, म्हणजे कोणता भाग कोणाचा किती शेजारी हे सांगणाऱ्या तक्त्याला.

समजा, वाकडमधल्या फ्लॅटचे दर अभ्यासताय. शेजारच्या हिंजवडीचा दरच वाकडच्या दरावर परिणाम करत असेल, तर स्पेशियल लॅग मॉडेल लागतं; तिथे साधं ओएलएस (रिग्रेशनची नेहमीची पद्धत) गुणांकच चुकीचे देतं. फक्त न मोजलेल्या गोष्टी, जसं पाणी किंवा वाहतूक, दोन्हीकडे सारख्या असतील तर स्पेशियल एरर मॉडेल. तिथे गुणांक पक्षपाती नसतात, पण स्टँडर्ड एरर (गुणांक किती अनिश्चित आहेत याचं माप) फसवतात. हे एकदा हाताने कागदावर मांडाच. माझ्या मते अर्धा विषय इथेच आहे.

आणि वेट मॅट्रिक्समध्ये शेजारी कोण, हे तुम्हीच ठरवायचं: सीमेला लागून असलेला, की पाच किलोमीटरच्या आतला? मुळा-मुठेपलीकडचा भाग नकाशावर जवळ दिसतो, पूल लांब असला की तो जवळ राहत नाही.

सरावाला जिओडा हे सॉफ्टवेअर मोफत आहे. जनगणनेचे तालुकानिहाय आकडे घालून आधी मोरान्स आय (शेजारच्या भागांचे आकडे किती मिळतेजुळते आहेत, हे सांगणारा निर्देशांक) काढा, आर ही प्रोग्रॅमिंग भाषा नंतर.