तो की ते? बातमीचा कल ओळखताना

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : घरी दोन पेपर येतात. एकाच लाठीमाराची बातमी दोन्हींत अशी, की दोन वेगळ्या गावांत घडल्यासारखी वाटावी. पूर्ण निःपक्ष बातमी लिहिता येते तरी का? (एक वाचक, सांगली)

नाही. मराठीत तर मुळीच नाही, कारण आपलं व्याकरणच बाजू घ्यायला लावतं. चोरीच्या गुन्ह्यात रिक्षावाला सापडला की ‘तो फरार होता’, ‘त्याला पकडला’, ‘त्याने कबुली दिली’. पतसंस्थेच्या गैरव्यवहारात माजी अध्यक्ष सापडले की ‘ते संपर्काबाहेर होते’, ‘त्यांना ताब्यात घेण्यात आलं’, ‘त्यांनी तपासात सहकार्य केलं’. दोघेही आरोपी, गुन्हा दोघांवरही अजून सिद्ध व्हायचाय. इंग्रजीला दोघांसाठी एकच सर्वनाम पुरतं. मराठी उपसंपादकाला मात्र तो की ते हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही, आणि रात्री अकराला पान छपाईला सोडायच्या घाईत तो हे सवयीने ठरवतो. उपाय कंटाळवाणा आहे: सगळ्या आरोपींना ‘तो’ किंवा सगळ्यांना ‘ते’. दोन्ही चालतं, मिसळ चालत नाही.

आता तुमच्या लाठीमाराकडे. हे तीन इंट्रो (बातमीची सुरुवातीची वाक्यं) नमुन्यादाखल रचलेले आहेत.

‘दगडफेक करणाऱ्या जमावाला पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’

‘शांतपणे बसलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी अमानुष लाठीमार केला.’

‘तहसील कार्यालयासमोर दुपारी सव्वाबारा वाजता पोलिसांनी लाठीमार केला. १४ आंदोलक आणि ३ पोलीस जखमी झाले. आधी दगडफेक झाली, असं पोलीस म्हणतात. आंदोलकांना ते मान्य नाही.’

पहिल्यातलं ‘सौम्य’ पोलिसांच्या प्रेसनोटमधून जसंच्या तसं उचललं जातं. (लाठी सौम्य होती का, हे ज्याच्या पाठीवर पडली त्याला विचारावं.) पण त्याहून लबाड आहे ते ‘करावा लागला’. एवढ्या दोन शब्दांत दोष जमावाच्या माथी गेला आणि वाचकाला कळलंही नाही. दुसऱ्यातलं ‘अमानुष’ निदान उघड दिसतं. तिसऱ्यात विशेषण नाही, कारण त्याची जागा आकड्यांनी घेतली. पण ते आकडे मिळवायला सरकारी रुग्णालयात जाऊन जखमींची नोंद पाहावी लागते, पोलीस ठाण्यात आणि आंदोलकांकडे वेगवेगळं विचारावं लागतं. प्रेसनोट पाच मिनिटांत टाइप होते, या कामाला दुपार जाते. बातमी एका बाजूला कलण्याचं कारण बरेचदा मतापेक्षा ही वाचवलेली दुपारच असते.

आणि तिसरा इंट्रोही कोरा नाहीच. लाठीमार आधी आणि दगडफेक नंतर सांगायची, हे कुणीतरी ठरवलंच. म्हणून बातमीदाराच्या मनात काय आहे, हे शोधत बसू नका. त्याने कुणाकुणाला विचारलं, काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, हे बातमीत दिसतं का ते पाहा.

घरी करण्यासारखी एक तपासणी: पेन्सिल घेऊन बातमीतली विशेषणं खोडा आणि बोलण्याच्या क्रियापदांभोवती गोल करा. ‘स्पष्ट केलं’ लिहिलं की पेपरने ते मानलं, ‘दावा केला’ लिहिलं की नाही मानलं, ‘कबूल केलं’ लिहिलं की माणूस आधीच दोषी ठरला. साधं ‘म्हणाले’ डेस्कला, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्यांना, नीरस वाटतं, पण निम्म्याहून अधिक ठिकाणी तेच बरोबर असतं. मग मथळ्यातला शब्द खालच्या मजकुरात कुणाच्या तोंडी आहे का, ते शोधा. कुणाच्याच नसेल तर तो डेस्कवर जन्मला.

प्रश्न : सभेला आयोजक दहा लाख सांगतात, पोलीस दीड लाख. खरं कुणाचं? (एक वाचक, डोंबिवली)

दोघांनाही बाजूला ठेवा आणि जागा मोजा. ही रीत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी रूढ केली. विरळ गर्दीत एका चौरस मीटरमध्ये साधारण एक माणूस, दाट गर्दीत दोन, खांद्याला खांदा घासेल अशा रेटारेटीत चार.

दादरचं शिवाजी पार्क घ्या. मैदान सुमारे २८ एकर, म्हणजे अंदाजे १ लाख १३ हजार चौरस मीटर. व्यासपीठ, कठडे, मोकळे पट्टे काहीच वजा केलं नाही आणि मैदान काठोकाठ दाट भरलं असं धरलं, तरी सव्वादोन लाख होतात. सगळीकडे रेटारेटी धरली तर साडेचार लाख. दहा लाखांसाठी दर चौरस मीटरमध्ये जवळजवळ नऊ माणसं उभी करावी लागतील. तिथे भाषण ऐकणं सोडा, श्वास घेता येणार नाही.

चालत्या मोर्चाला हे लागू नाही. तिथे एका ठिकाणी उभं राहून मिनिटाला किती रांगा पुढे गेल्या ते मोजायचं. रांगेत १० माणसं, मिनिटाला ३० रांगा, मोर्चा दोन तास चालला: ३६ हजार. चूक होते ती तोंडाशी मोजण्यात, कारण पुढची गर्दी दाट असते आणि शेपूट विरळ. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा मोजून सरासरी काढावी. आयोजकांच्या बाजूने एक गोष्ट खरी: माणसं येत-जात राहतात, त्यामुळे दिवसभराची बेरीज एका क्षणाच्या गर्दीपेक्षा मोठी असू शकते. आकडा कुठला, हे बातमीत सांगितलं म्हणजे झालं.

प्रश्न : दोन्ही बाजू छापल्या की पेपरचं कर्तव्य संपलं, नाही का? (एक वाचक, नाशिक)

मताच्या प्रश्नात बऱ्याच अंशी हो. तपासता येणाऱ्या गोष्टीत नाही. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून रांगा लागल्या. ‘भाविक म्हणतात चमत्कार, शास्त्रज्ञ म्हणतात नाही’ असं लिहिणं दिसायला समतोल. पण शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. रंगाचा ओघळ दिसल्यावर दोन बाजू उरत नाहीत. भाविकांची रांग ही बातमी आहेच, तिला जागा द्यावी. दूध कुठे गेलं याचं उत्तर मात्र रांगेतून घेऊ नये.

प्रश्न : पूर्वीची पत्रकारिता तरी निःपक्ष होती ना? (एक वाचक, बडोदे)

होती असं आपण ६ जानेवारीच्या, पत्रकार दिनाच्या भाषणांत म्हणतो. प्रत्यक्षात १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावर (मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२) ‘केसरी’ विरोधात आणि आगरकरांचा ‘सुधारक’ बाजूने असे उघड भांडत होते. १९२०मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला तो मुंबई इलाख्यातली पत्रं ठरावीक जातींचंच हित पाहतात, ही तक्रार पहिल्याच अंकात मांडून. फरक एवढाच की तेव्हा पेपरची बाजू वाचकाला माहीत असायची आणि तेवढी वजावट करून वाचता यायचं. आज तालुक्याचा वार्ताहर कारखान्याची बातमीही देतो आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्याच कारखान्याची जाहिरातही आणतो. ती वजावट कशी करणार?

प्रश्न : पेपरने एकतर्फी, चुकीचं छापलं तर कुठे जायचं? (एक वाचक, लातूर)

आधी संपादकांना लेखी. तारीख, पान, मथळा, नेमकं चुकीचं वाक्य आणि बरोबर माहितीचा पुरावा. ‘तुमचा पेपर विकला गेलाय’ असं लिहिलंत तर पत्र टोपलीत जाईल. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, मासिक वगैरे असेल तर चार. सोबत कात्रण, मराठी कात्रणाचं इंग्रजी भाषांतर, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रकरण कोर्टात नसल्याचं निवेदन. भाषांतर राहून गेलं की कागद परत फिरतात.

अपेक्षा बेताची ठेवा. कौन्सिल ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते; दंड करू शकत नाही, आणि टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही.

कात्रणावर आवृत्तीचं नाव जरूर लिहा. त्याच तारखेला त्याच पेपरच्या लातूर आणि पुणे आवृत्तीत तीच बातमी वेगळ्या मथळ्याने असू शकते, आणि संपादकांचं पहिलं उत्तर बहुधा ‘आमच्या अंकात असं नाही’ हेच येतं.