कंट्रोल रूममध्ये बसण्याआधी

वीज केंद्रातल्या गॅस टर्बाइनवर नवीन लागला आहेस, तर पहिले काही महिने स्क्रीनपेक्षा मशीनजवळ जास्त राहा. आणि एक्झॉस्टचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम वायूचं, तापमान रोज वहीत स्वतःच्या हाताने लिही. सरासरी नव्हे, प्रत्येक थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं, वेगळं.

मी नवा असताना एकाचं रीडिंग खाली आलं. सेन्सर गेला असेल म्हणून मी सोडून दिलं. लोड वाढवला तसा तो थंड पट्टा शेजारच्या थर्मोकपलवर सरकला, तेव्हा पोटात गोळा आला. सेन्सर बिघडला असता तर जागा बदलली नसती. गरम वायू टर्बाइनमधून पिळवटत बाहेर येतो, म्हणून लोडबरोबर जागा सरकते. उघडून पाहिलं तर एका बर्नरचं इंधनाचं नोझल चोंदलेलं होतं.

मशीन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, की सगळे अलार्मकडे धावतात. तू रोटरकडे, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याकडे, लक्ष ठेव. वेग उतरल्यावर त्याला हळूहळू फिरवत ठेवणारा टर्निंग गिअर लागलाच पाहिजे. तापलेला रोटर एका जागी उभा राहिला, तर वरची बाजू जास्त गरम राहते आणि तो वाकतो.

टर्बाइनच्या ताकदीतला निम्म्याहून जास्त वाटा हवा दाबून आत देणारा कॉम्प्रेसरच खातो, त्यामुळे तो मळला की मेगावॅट लगेच घसरतात. उरणसारख्या समुद्राकाठच्या केंद्रावर तर हवेत मीठही असतं. कॉम्प्रेसर धुण्याआधी मशीन पुरेसं थंड झालंय का बघ. ड्रेनचं पहिलं पाणी काळ्या चहासारखं येईल. स्वच्छ येईपर्यंत तिथून हलू नकोस.