काकडीच्या नूडल्सना पाणी सुटतं, काय करू?

प्रश्न : ताई, दिवाळीत बहिणीनं मला भाज्यांच्या नूडल्स करायचा स्पायरलायझर दिला. काकडी आणि गाजर फिरवलं, दही-मीठ घालून सॅलड केलं. पानं वाढेपर्यंत भांड्यात नुसतं पाणी! सात वर्षांच्या मुलानं ते बाजूला सारलं, सासऱ्यांना गाजर चावेना. यंत्र माळ्यावर टाकू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माळ्यावर मुळीच नको. चुकली ती फक्त मिठाची वेळ.

खमंग काकडी कशी करतो ते आठवा. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, सगळं तयार असतं. मीठ मात्र पानं घेतल्यावर. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते सुटायला लागतं. नूडल्सचं तर अंग सगळीकडून उघडं, त्यामुळे पाणी आणखीच लवकर सुटतं.

म्हणून नूडल्ससाठी मी पाणी आधीच काढून घेते. दोन काकड्यांची टोकं चाखून पाहायची, कारण एक जरी कडू निघाली तरी सगळं सॅलड वाया जातं. मग त्या फिरवून, पाव चमचा मीठ हलक्या हातानं लावून, चाळणीत १५ मिनिटं ठेवायच्या. खाली वाटी हवी. नंतर सुती पंच्यात घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये नुसत्या दाबायच्या. पिळल्या तर तुटतात आणि लगदा होतो. नीट दाबलेल्या नूडल्स हाताला ओल्या सुतासारख्या लागतात, वाकवल्या तरी मोडत नाहीत. वाटीतलं पाणी मी थालीपिठाची भाजणी भिजवायला घेते, यंत्रात मधे उरलेली बियांची दांडीही किसून त्यातच जाते. त्या पिठात मीठ बेतानं घाला.

गाजराला हे काही करावं लागत नाही. फक्त जाड, सरळ गाजर निवडा. बारीक असलं की यंत्रात नीट धरत नाही, चकत्याच पडतात. नवलकोल मिळाला तर जरूर आणा. त्याच्या नूडल्स इतक्या छान कुरकुरीत होतात की मला काकडीपेक्षा त्याच आवडतात. बीट मात्र वेगळ्या वाटीत ठेवा, नाहीतर दह्यासकट सगळं गुलाबी होतं.

आता मुलाचं. हातभर लांब नूडल्स दह्यात माखल्या की लहान मुलांना खाता येत नाहीत, हनुवटीवर ओघळतात आणि मग ती ताट सरकवतात. वाढण्याआधी कात्रीनं बोटभर लांबीच्या कापा. दही दोन तास फडक्यात टांगून घट्ट करा. एक वाटी दह्याला चार चमचे दाण्याचं कूट आणि चमचाभर साखर. मिरची चिरून घालू नका. उभी चीर देऊन फोडणीत टाका, म्हणजे मुलाच्या वाटणीतून उचलून काढता येते. फोडणी कोमट झाल्यावरच दह्यावर ओता. हे सगळं आधी कालवून ठेवा, नूडल्स मात्र पानं घेताना मिसळा आणि चाखून मगच मीठ घाला, काकडीत थोडं गेलेलं असतं. तुमचं यंत्र दांड्याचं असेल तर दांडा मुलाला फिरवू द्या, पातं तुम्ही सांभाळा. माझी नात स्वतः फिरवलेलं गाजर कधी टाकत नाही.

सासऱ्यांसाठी गाजराच्या नूडल्स वेगळ्या काढून त्यांवर उकळतं पाणी ओता, तीन-चार मिनिटं झाकून ठेवा, निथळून गार करा. बोटानं दाबून पाहा. अजून कडक असतील तर थोड्या वाफवा. माझ्या सासूबाईंना कवळी बसली तशी त्यांनी कोशिंबीर खाणंच सोडलं होतं आणि त्यांच्या पानाची डावी बाजू रिकामी बघून मला फार वाईट वाटायचं. अशा मऊ केलेल्या गाजरानं ती पुन्हा भरली. बियांकडचा पोकळ भाग सोडून लाल भोपळ्याचा भरीव तुकडा घेतलात, तर त्याच्याही नूडल्स होतात. त्या वाफवून ह्याच दह्यात कालवा, चव थेट भोपळ्याच्या भरताची येते. सासऱ्यांना ती ओळखीची वाटेल.